भंगाराच्या ट्रकआधी: बंद झालेल्या व्यवसाय-शाळा ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना खुले पत्र

प्रति,
बंद झालेल्या शहरी व्यवसाय-शाळांच्या इमारती आणि दप्तर सांभाळणारी शिक्षण मंडळे, नगर प्रशासने आणि माजी विद्यार्थी संघ यांस,

स. न. वि. वि.

व्यवसाय-शाळा बंद झाली की आवराआवर बहुधा एकाच क्रमाने होते. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या तसबिरी, ढाली आणि ठरावांच्या वह्या आधी हलतात, कारण तोच इतिहास असे सगळ्यांना वाटते. मग वर्गखोल्या रिकाम्या होतात. वर्कशॉप शेवटी, आणि तेही वजनावर, भंगाराच्या ट्रकमधून. पुढे कोणी स्मरणिका काढायला बसले की हाताशी उरतात उद्घाटनाच्या तारखा, पाहुण्यांची नावे आणि रांगेत उभे केलेले गटफोटो. शाळा नेमके काय शिकवत होती, कुणाला, आठवड्याला किती तास, कोणत्या यंत्रावर आणि ती का संपली, यातले काहीच त्यांतून कळत नाही. आमचे सांगणे एवढेच की हा क्रम उलटा करा. वर्कशॉपची नोंद आधी घ्या, कार्यालयाचे नंतर बघता येईल. ठरावाची प्रत दुसऱ्या एखाद्या खात्यात सापडते. उखडलेल्या फरशीची प्रत कुठेच नसते.

पण त्याही आधी एक कोरडे आणि निकडीचे काम आहे. शाळेचे माजी विद्यार्थी हयात आहेत. परवान्यासाठी, निवृत्तिवेतनासाठी, नव्या नोकरीसाठी त्यांना गुणपत्रकाची दुसरी प्रत लागते आणि अर्ज कुठे करायचा हे कुणी सांगू शकत नाही. जनरल रजिस्टर आणि निकालपत्रके कोणत्या कार्यालयाकडे गेली, प्रतीवर सही कोण करणार, हे लेखी जाहीर करा. हस्तांतरणाच्या यादीत प्रत्येक खंडाचा क्रमांक, त्यातला पहिला आणि शेवटचा नोंद-क्रमांक, पानांची संख्या आणि फाटकी पाने लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. ‘रजिस्टरे, एक कपाट’ अशी नोंद केली की वीस वर्षांनी मधला खंड दिसत नाही तेव्हा तो देणाऱ्याने हरवला की घेणाऱ्याने, हे ठरवता येत नाही. सायंवर्गांची रजिस्टरे वेगळी असतात, बहुधा वेगळ्या कपाटात, कधी वेगळ्याच खात्याकडे. ती विसरली जाणार हे जवळजवळ ठरलेलेच असते.

आता बंद होण्याच्या तारखेविषयी. ती एक नसते. शेवटचा प्रवेश, शेवटची परीक्षा, एकेक शॉप (एका व्यवसायाचे वर्कशॉप) बंद झाल्याचे वर्ष, शिक्षकांची बदली, नावबदल आणि इमारत रिकामी होणे, या सगळ्यांत मिळून दहा-दहा वर्षांचे अंतर पडू शकते. या तारखा वेगवेगळ्या लिहा. शिवाय शाळा खरोखर संपली की दुसऱ्या नावाने चालू राहिली, हेही तपासा. पॅरिस शहराने १८७३ मध्ये ला व्हिलेत भागात काढलेली दिदरो उमेदवारी-शाळा आज दुसऱ्या जागी लिसे दिदरो म्हणून चालू आहे. जुन्या इमारतीपाशी थांबणाऱ्याला ती बंद पडली असेच वाटेल. इंग्लंडमध्ये १९१३ च्या नियमांनी ज्युनियर टेक्निकल स्कूल मान्य झाल्या, त्यांत मुले बहुधा तेराव्या वर्षी येत. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर त्यांच्या जागी माध्यमिक तांत्रिक शाळा आल्या आणि पुढे सर्वसमावेशक शाळांत विरघळल्या. तिथे शेवटचा दिवस शोधण्यापेक्षा दप्तर कोणत्या उत्तराधिकारी शाळेच्या तळघरात गेले ते शोधणे फायद्याचे.

वर्कशॉपमध्ये शिरल्यावर काहीही हलवू नका. आधी चारही कोपऱ्यांतून आणि मग प्रत्येक भिंतीला समोरून फोटो घ्या, चौकटीत मोजपट्टी ठेवून. नंतर १:५० प्रमाणात आराखडा काढा आणि त्यात छत व जमीन दोन्ही धरा. आमच्या मते सगळ्यात कमी वाचले जाणारे दप्तर म्हणजे छत. तिथे साधारण ८ फुटांच्या अंतराने ओतीव लोखंडाचे ब्रॅकेट किंवा त्यांची बोल्टची भोके ओळीने दिसली, तर एकेकाळी तिथे लाइन शाफ्ट फिरत होता. म्हणजे एकच मोटर, वर लांब शाफ्ट आणि प्रत्येक यंत्राला चामडी पट्टा. ब्रॅकेटांची ओळ कुठे तुटते यावरून भिंत नंतर घातली की आधीची, हे कळते. जमिनीत पायाचे बोल्ट, सिमेंटचे चौथरे आणि तेलाचे डाग यांची मापे घ्या. लेथ (धातू फिरवत कातणारे यंत्र) गेला तरी त्याच्या चिप-ट्रेच्या, म्हणजे कीस झेलणाऱ्या तबकाच्या, आकाराचा डाग राहतो आणि दोन डागांमधले अंतर सांगते की एका वेळी किती मुले उभी राहत. लोहारशाळेत धुराडे दिसले नाही म्हणून तिथे भट्टी नव्हती असे समजू नका. अनेक शाळांत धूर खाली ओढणाऱ्या भट्ट्या असत आणि त्यांचे नळ जमिनीखालून जात. फरशीवरची लोखंडी झाकणे उघडून बघा.

उघडण्याआधी मात्र धोक्यांची तपासणी करून घ्या. वाफेच्या नळांवरचे वेष्टन, भट्टीचे जुने हातमोजे, वेल्डिंगच्या पडद्यांचे कापड आणि जुन्या स्विचबोर्डाची पाटी यांत अॅस्बेस्टॉस असू शकतो. जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, पण बसवलेली उपकरणे त्यानंतरही चालू राहिली. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून उत्साही माजी विद्यार्थ्यांच्या हाती खरवडणी आणि कोरडे झाडू देऊन ‘स्वच्छता मोहीम’ काढू नका.

यंत्रांची यादी करताना ‘लेथ, ६ नग’ ही नोंद निरुपयोगी आहे. प्रत्येक यंत्राचा निर्माता, आकार, अनुक्रमांक, शाळेने रंगवलेला क्रमांक आणि आराखड्यातली जागा हवी. लेथचा अनुक्रमांक पुष्कळदा बेडच्या टेलस्टॉककडच्या (कामाचे दुसरे टोक टेकवणाऱ्या भागाच्या) टोकाला, गाइडवेजच्या म्हणजे सरकपट्ट्यांच्या मध्ये ठोकलेला असतो. साउथ बेंड या अमेरिकन कंपनीच्या लेथवर तिथेच बघावे. रॉकेलच्या फडक्याने तेल-माती पुसा आणि बॅटरीचा उजेड तिरपा टाकून फोटो घ्या. तारेचा ब्रश किंवा ग्राइंडर लावला की उथळ आकडे कायमचे जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या कित्येक अमेरिकन यंत्रांवर वॉर प्रॉडक्शन बोर्ड या सरकारी मंडळाच्या आदेशांचा उल्लेख असलेली छोटी पट्टी असते. ती दिसली की शाळेने युद्धकाळात कामगार घडवले असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. पण ते मंडळ १९४२ ते १९४५ एवढेच होते, आणि युद्धानंतर सरकारकडचा अतिरिक्त यंत्रसाठा शाळांकडेही आला. पट्टी यंत्र बनल्याचा काळ सांगते, शाळेत आल्याचा नाही. तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, मिळेल.

डेडस्टॉक रजिस्टर हाच आमच्या दृष्टीने शाळेचा खरा चरित्रग्रंथ. वस्तू, खरेदीची तारीख, किंमत, कुठल्या निधीतून आणि शेवटच्या रकान्यात निर्लेखनाचा (वस्तू हिशेबातून काढल्याचा) शेरा. वर्षवार आणि शॉपवार खरेदी मांडून बघा. एखाद्या शॉपमध्ये सलग पंधरा वर्षे एकही मोठे यंत्र आले नसेल, तर त्या शॉपचा शेवट ठरावाच्या कितीतरी आधी सुरू झाला होता. उलट, धोरणाच्या कागदावर मोठे आकडे आणि रजिस्टरमध्ये एकही आवक नाही, असेही दिसते. भारतात १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिकचे १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय-अभ्यासक्रमांकडे वळवायचे ठरवले. १९९२ मध्ये हीच लक्ष्ये अनुक्रमे १९९५ आणि २००० वर ढकलली गेली. असे परिपत्रक फाइलमध्ये सापडले म्हणून शाळेत तसे घडले, असे कुणी लिहू नये.

आता जॉब, म्हणजे मुलांनी शिकताना बनवलेल्या वस्तू. भिंतीवरच्या फळीला तारेने बांधलेले लोखंडी-लाकडी नमुने धूळ खात असतात: कानसून काटकोनात आणलेला ठोकळा, व्ही-ब्लॉक, डव्हटेल जोड, पायऱ्यापायऱ्यांचा दांडा. भंगारात त्यांना किलोचा भाव मिळतो, इतिहासात मात्र ते अभ्यासक्रमाचा मूळ मजकूर आहेत. मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर देला-वोस यांनी १८६८ पासून कारागिरीचे असे क्रमवार पाठ बांधले, सोप्या जॉबकडून अवघड जॉबकडे. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ते मांडले गेले आणि अमेरिकेत एमआयटीच्या जॉन रंकल यांनी ते उचलले. १८८० मध्ये सुरू झालेल्या सेंट लुईसच्या मॅन्युअल ट्रेनिंग स्कूलमध्ये कॅल्विन वुडवर्ड यांनीही त्याच धर्तीचा अभ्यासक्रम चालवला. त्या पद्धतीत जॉब तपासून टाकून द्यायचा असे, वापरायचा नसे. पुढच्या व्यवसाय-शाळांनी त्याउलट उपयोगाची, मागणीची कामे घेतली: बाकडी, छापील फॉर्म, दुरुस्त मोटारी. तुमची शाळा या दोहोंत कुठे होती हे माहितीपत्रकातल्या भाषेवरून ठरवू नका, नमुन्यांवरून आणि जॉब-कार्डांवरून ठरवा. कार्डावर ग्राहकाचे किंवा खात्याचे नाव आणि मालाचा खर्च असेल तर ते उत्पादन होते. नुसते गुण असतील तर सराव. फळी उतरवताना नमुने सुटे करू नका, कारण क्रम त्या बांधणीतच आहे.

टूल रूमच्या खिडकीजवळ पितळी बिल्ल्यांचा बोर्ड असेल तर तोही खिळ्यांसकट उतरवा. बिल्ला द्यायचा आणि हत्यार घ्यायचे, ही रीत. क्रमांकांच्या वहीशी ते बिल्ले जुळवले की कोणत्या तुकडीत किती मुले खरोखर हत्यार हाती घेत होती ते दिसते. हजेरीपट तेवढे प्रामाणिक नसतात.

छपाई शिकवणाऱ्या शाळांत खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या, केस (खणांचे ट्रे) असतात. एकेक केस आडवी, समपातळीत उचला आणि खणांचा फोटो आधीच घ्या. ती कलंडली आणि खिळे मिसळले, तर तो फाँट पुन्हा लावणारा खिळेजुळारी आता मिळणे कठीण. खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ते शिशाचे गंजणे आहे. बंद ओक लाकडाच्या खणांतून सुटणाऱ्या आम्लवायूंनी ते वाढते. हातमोजे घाला, फुंकर मारू नका. आणि शाळेच्या छापखान्यात छापलेले मंडळाचे फॉर्म, कार्यक्रमपत्रिका, वार्षिकांक, ज्यांच्या तळाशी मुद्रणाची ओळ असते, ते वेगळे जमवा. मुलांनी केलेले काम त्यावर नावानिशी सापडते.

पटसंख्येचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. ‘२,००० विद्यार्थी’ असे अहवालात लिहिलेले असले तरी त्यात पूर्णवेळ मुले, आठवड्यातून काही तास येणारे नोकरदार आणि संध्याकाळचे प्रौढ एकत्र मोजलेले असतात. अमेरिकेतील शहरी शाळांबाबत हे उलगडायला व्यवसाय-शिक्षणाला केंद्राचे अनुदान देणाऱ्या १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याचा उपयोग होतो, कारण अनुदान हवे तर अटी पाळाव्या लागत. अजून नोकरीला न लागलेल्यांसाठीच्या व्यवसाय-वर्गात वर्षाला किमान नऊ महिने, आठवड्याला किमान ३० तास शिक्षण आणि त्यातला निम्मा वेळ उपयुक्त किंवा उत्पादक स्वरूपाचे प्रत्यक्ष काम. अर्धवेळ वर्गांना वर्षाला किमान १४४ तास. सायंवर्गात प्रवेशाचे किमान वय १६, आणि शिक्षण रोजच्या नोकरीला पूरक. २५,००० हून कमी लोकवस्तीच्या गावांना तासांच्या अटीत सवलत देता येई, शहरांना नाही. वेळापत्रकात ३० तास आणि निम्मे वर्कशॉप दिसले तर तो वर्ग अनुदानित असण्याचा संभव मोठा. खात्री करायची तर राज्याच्या व्यवसाय-शिक्षण मंडळाकडे पाठवलेले खर्चाचे दावे आणि तपासणी अहवाल शोधा. शाळेतली प्रत जळाली असली तरी दुसरी तिकडच्या अभिलेखागारात असू शकते. इतर देशांतही जिथे अनुदान आहे तिथे दुसरी प्रत आहे, हे धरून चालावे.

प्रवेश कुणाला मिळाला नाही, हे रजिस्टर सांगत नाही. त्यात आलेल्यांचीच नावे असतात. शिकागोच्या वॉशबर्न ट्रेड स्कूलमध्ये बांधकाम-व्यवसायांच्या उमेदवारीची दारे कामगार संघटनांच्या हाती होती आणि काळ्या तरुणांना ती दशकानुदशके जवळपास बंद राहिली. असे काही घडले असेल तर ते शाळेच्या कपाटात नाही, संघटनांच्या शिकाऊ उमेदवारांच्या याद्यांत, न्यायालयीन कागदांत आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत शोधावे लागते. मुलींचे तेच. न्यूयॉर्कमध्ये १९०२ मध्ये मुलींसाठी मॅनहॅटन ट्रेड स्कूल निघाली, तिथे विजेवरच्या शिवणयंत्रांवर काम शिकवले जाई. पण कित्येक शहरी शाळांच्या इतिहासात शिवणकामाचा विभाग ‘गृहशास्त्र’ म्हणून एका ओळीत उरकलेला असतो. त्या विभागाचे बाकांचे बोल्ट आणि शाफ्टच्या खुणा मशीन शॉपइतक्याच काळजीने मोजा.

मग शाळा का बंद पडली? ठरावात कारण लिहिलेले असते: पट घसरला. ते खोटे नसते, पण बंद करणाऱ्याने लिहिलेले असते. एक तक्ता करा. आडव्या ओळीत वर्षे, उभ्या रकान्यात प्रत्येक शॉप, आणि प्रत्येक चौकोनात चार आकडे: नवे प्रवेश, अभ्यासक्रम पूर्ण करणारे, शिक्षक, त्या वर्षीची यंत्रखरेदी. एकूण पट नको, पहिल्या वर्षाचा प्रवेश बघा. एकूण पट तीन-चार वर्षे मागचे चित्र दाखवतो. आधी काय घसरले ते पाहा. खरेदी आधी थांबली आणि प्रवेश नंतर घटले, तर मुलांनी पाठ फिरवली हे म्हणणे टिकत नाही. एखादे शॉप एका वर्षात शून्यावर आले असेल तर तिथल्या शिक्षकाची निवृत्तीची तारीख तपासा. कारागीर-शिक्षकाला कारखान्यात जास्त पगार मिळत असल्याने जागा भरली गेली नाही, असे वारंवार आढळते. बंद होण्याची कुणकुण ज्या वर्षी लागली त्याच्या पुढच्या वर्षी प्रवेश कोसळतात, आणि तोच आकडा पुढे बंद करण्याचे कारण म्हणून ठरावात येतो. म्हणून पहिल्या बातमीची तारीख तक्त्यावर लाल रेघेने घाला. शिवाय वर्कशॉपमध्ये एका शिक्षकाकडे वर्गाइतकी मुले देता येत नाहीत, त्यामुळे प्रति विद्यार्थी खर्च मुळातच जास्त असतो. सामान्य शाळेच्या खर्चाशी केलेली तुलना फाइलमध्ये सापडली तर ती कशी मांडली होती तेही नोंदवा. आजूबाजूला काय उघडले हेही विसरू नका: अमेरिकेत १९६३ च्या व्यवसाय-शिक्षण कायद्याने विस्तृत परिसरासाठीच्या नव्या व्यवसाय-शाळांना पैसा दिला, आणि शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या बहुमजली इमारतींना त्यांच्याशी स्पर्धा करावी लागली. तिसऱ्या मजल्यावर जड मिलिंग मशिन चढवता येत नाही, ही साधी गोष्टही कारणांत मोडते.

कागदांबाबत थोडक्यात. निळ्या ब्लू प्रिंट उजेडात फिकट होतात आणि अल्कधर्मी कागदात ठेवल्या तर रंग बिघडतो; त्यांना अल्क न मिसळलेली, आम्लरहित पाकिटे लागतात, नेहमीची ‘आर्काइव्ह’ पाकिटे नव्हेत. अमोनिया प्रिंट (अमोनियाच्या वाफेने काढलेल्या आराखड्यांच्या प्रती) वेगळ्या ठेवा, त्यांच्या वायूंनी शेजारचे कागद डागाळतात. ट्रेसिंग क्लॉथवर खळ असते, त्याला पाणी लागले की रेखाटन गेले. भिजलेल्या रजिस्टरांवर ४८ तासांत बुरशी धरू शकते. तेवढ्यात सुकवणे जमणार नसेल तर पिशव्यांत घालून गोठवा आणि नंतर एकेक काढा. रजिस्टरची शिवण कापून स्कॅन करू नका. मजकुराला ३०० आणि फोटोंना ६०० पीपीआय (इंचामागे ठिपके) पुरते, स्कॅनची मूळ प्रत टिफ फाइलमध्ये. कोरी वाटणारी मागची पानेही घ्या, कारण हिशेब आणि शेरे तिथेच लिहिलेले असतात. फोटोच्या मागे बॉलपेनने नावे लिहू नका, मऊ पेन्सिल वापरा. आणि गुण, शिक्षा, घरची परिस्थिती असलेली पाने हयात माणसांच्या बाबतीत जालावर टाकू नका.

यंत्रे सगळी ठेवता येणार नाहीत, हे आम्हाला कळते. प्रत्येक प्रकारचे एक ठेवा, पण पूर्ण: चेंज गिअर, चकची किल्ली, स्टेडी रेस्ट, शिक्षकाने बनवलेले जुगाडी फिक्श्चर, सगळ्यांसकट. हे भाग पेटीत वेगळे असतात आणि पेटी आधी जाते. शाळेतला मध्यम लेथ अर्ध्या टनाच्या आसपास भरतो आणि हेडस्टॉककडे, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या टोकाकडे, जड असतो. उचलण्याआधी कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) आणि टेलस्टॉक दुसऱ्या टोकाला सरकवून घट्ट करा, पायाचे सगळे बोल्ट सुटल्याची खात्री करा. उचलण्याचा पट्टा लेथच्या पुढच्या लांब दांड्यांना (लीड स्क्रू, फीड रॉड) टेकला तर ते वाकतात, मग यंत्र दाखवायलाच उरते. नवा रंग देऊ नका. रंगाचे थर हेही दप्तर आहे.

माणसांकडे जाताना मुख्याध्यापकांच्या आधी स्टोअरकीपर आणि इन्स्ट्रक्टर गाठा, वयाने मोठे असतील त्यांना आधी. ‘शाळेचे दिवस कसे होते?’ या प्रश्नाला भाषण मिळते. हातात त्यांचाच जॉब किंवा कानस द्या आणि विचारा: तास सुरू झाला की पहिले काय उचलायचात, कुठल्या यंत्राला तुम्ही घाबरायचात, कोणता जॉब जास्तीत जास्त मुलांचा बिघडायचा आणि का, माल कमी पडला की काय करायचात. मुलाखतीआधी लेखी संमती घ्या आणि ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये ठेवा.

आपल्याकडून ठोस अपेक्षा तीन. भंगाराची निविदा काढण्याआधी आराखडा, फोटो आणि यंत्रवार यादी पूर्ण झाल्याचा दाखला निविदेच्या अटींत घाला, आणि जॉबच्या फळ्या, बिल्ल्यांचा बोर्ड, खिळ्यांच्या केस, जॉब-कार्डे यांना निर्लेखनातून स्पष्ट शब्दांत वगळा. दुय्यम दाखले देणारे कार्यालय आणि सही करणारे पद जाहीर करा. आणि वर्कशॉपची किल्ली नोंद पूर्ण होईपर्यंत ठेकेदाराकडे देऊ नका. माल मोजायला यायचे असेल तर नोंद घेणाऱ्यांपैकी एकजण हजर असताना येऊ द्या.

कळावे,
आपले,
जुन्या वर्कशॉपांच्या आणि व्यवसाय-शाळांच्या नोंदींवर काम करणारे आम्ही काही जण